पोटाला नाही, मग चित्रं कशाला? महामंदीतल्या तरुण कलावंतांची गोष्ट

मंदीची चाहूल लागली की घर असो वा सरकार, काटकसरीची पहिली कात्री ठरलेल्या जागी लागते. चित्रकलेचा तास बंद होतो, नाटकाचं अनुदान थांबतं, वाचनालयात नवी पुस्तकं यायची राहतात. ‘आधी पोटोबा’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय, त्यामुळे कुणाला त्यात वावगंही वाटत नाही.

म्हणूनच १९३०च्या दशकातल्या अमेरिकेबद्दल वाचताना बरेच जण बुचकळ्यात पडतात. दर चार कामगारांमागे एक बेकार, लोक फुकट सूप मिळावं म्हणून रांगा लावताहेत, आणि त्याच देशाचं सरकार विशी-पंचविशीतल्या पोरांना चित्रं काढायला, नाटकं बसवायला, लोकांच्या आठवणी लिहून घ्यायला पगार देतंय. हे कसं काय? आणि एवढ्या हलाखीत त्या पिढीने इतकं लिहिलं-रंगवलं तरी कसं?

दुसऱ्या प्रश्नाचं एक तयार उत्तर असतं: दुःखातूनच कला जन्माला येते. मला ते अजिबात पटत नाही. त्या काळातल्या तरुणांची आयुष्यं जवळून पाहिली तर वेगळंच दिसतं.

मंदीत नेमकं झालं काय?

अर्थव्यवस्थेचं एक साधं सूत्र ध्यानात ठेवलं की पुरे: एकाचा खर्च ही दुसऱ्याची कमाई असते. मी नवा सदरा शिवणं पुढे ढकललं की शिंप्याची कमाई घटते. शिंपी मग जुन्याच चपला शिवून वापरतो, म्हणून चांभाराच्या दुकानात शुकशुकाट होतो. चांभार घराचं भाडं थकवतो. प्रत्येक जण आपल्यापुरता शहाणपणानेच वागत असतो, पण सगळे एकदम हात आखडते घेतात तेव्हा सगळ्यांचंच उत्पन्न आटतं. ही साखळी देशभर पसरून वर्षानुवर्षं टिकली की तिला महामंदी म्हणतात.

अमेरिकेत ऑक्टोबर १९२९मध्ये शेअर बाजार कोसळला, पाठोपाठ हजारो बँका बुडाल्या आणि लोकांची आयुष्यभराची बचत त्यांच्याबरोबर गेली. १९३३पर्यंत सव्वा कोटीहून जास्त लोक बेकार झाले होते.

तरुणांची गत आणखी वाईट होती. वीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस अर्ध्या पगारावर यायला तयार असताना कारखानदार कोऱ्या पोराला कशाला घेईल? घरात खाणारी तोंडं कमी व्हावीत म्हणून कितीतरी मुलं-मुली घर सोडून मालगाड्यांवर चढली आणि कामाच्या शोधात गावोगाव भटकत राहिली. अशा भटक्या मुलांची संख्या अडीच लाखांच्या आसपास असल्याचा अंदाज त्या काळी केला जात होता. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी ही अख्खी पिढीच आपल्या हातून निसटेल की काय, अशी भीती जाहीरपणे बोलून दाखवली होती.

त्या पिढीचं पहिलं लेखन: पत्रं

मुलांनी लिहायला सुरुवात केली ती याच बाईंना. एकट्या १९३३ सालात एलिनॉर रूझवेल्ट यांना सुमारे ३ लाख पत्रं आली, आणि त्यात शाळकरी मुलामुलींची हजारो होती. कुणाला शाळेत जायला जुना कोट हवा होता, कुणाला बूट, कुणाला चष्म्यापुरते पैसे, कुणाला धाकट्या भावंडांसाठी नाताळची भेट. कित्येकांनी दान मागितलंच नाही. उसने द्या, परत करू, असं लिहिलं. माझं नाव पेपरात येऊ देऊ नका, घरी कळू देऊ नका, अशी विनवणीही पत्रांत पुन्हा पुन्हा येते.

बहुतेकांना हवी ती वस्तू मिळाली नाही. सचिवांच्या कचेरीतून दिलगिरीचं छापील उत्तर गेलं. एवढ्या पत्रांना वस्तू पाठवणं कुणालाच शक्य नव्हतं.

ही कला आहे का, असं कुणी विचारेल. मला तो प्रश्न फारसा महत्त्वाचा वाटत नाही. तेरा-चौदा वर्षांची मुलगी आपल्या घरातली परिस्थिती एका अनोळखी बाईला समजेल अशी मांडायला बसते. काय सांगायचं, काय झाकायचं, लाज कुठे गिळायची हे ठरवते. लेखक याहून वेगळं काय करतो? बेकारीचे आकडे सरकारी दप्तरात आहेतच. त्या आकड्यांखाली एका पोराला फाटक्या बुटांनी वर्गात शिरताना काय वाटत होतं, ते या पत्रांमुळेच कळतं.

काम देऊन मदत

फ्रँकलिन रूझवेल्ट मार्च १९३३मध्ये सत्तेवर आले. गरजूला नुसते पैसे वाटण्याऐवजी काम द्यायचं आणि त्याची मजुरी द्यायची, अशी त्यांच्या सरकारची दिशा होती. आपल्याकडे दुष्काळी कामं निघतात, तसंच काहीसं. त्यातली सर्वांत मोठी योजना १९३५ साली सुरू झाली. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘डब्ल्यूपीए’ म्हणत. आठ वर्षांत तिने सुमारे ८५ लाख लोकांना काम दिलं, मुख्यतः रस्ते, पूल, शाळा, विमानतळ बांधायचं.

मग प्रश्न आला: बेकार वादक, नट, चित्रकार, लेखक यांचं काय? त्यांच्या हातात फावडं देता आलं असतं, काही ठिकाणी दिलंही गेलं. पण योजनेचे प्रमुख हॅरी हॉपकिन्स यांचं म्हणणं सरळ होतं की इतरांसारखी त्यांनाही भूक लागतेच. गवंड्याला गवंडीकाम मिळतं तर चित्रकाराला चित्राचं काम का मिळू नये? त्यातून त्याच वर्षी चित्रकला, संगीत, नाटक आणि लेखन या चार शाखांचे प्रकल्प निघाले.

तरुणांसाठी आणखी दोन योजना होत्या. १९३३च्या वनसेवा दलात १८ ते २५ वयाचे अविवाहित तरुण रानावनातल्या छावण्यांत राहून झाडं लावत, बांध घालत. महिना ३० डॉलर मिळत आणि त्यातले २५च्या आसपास परस्पर घरी जात. जून १९३५च्या राष्ट्रीय युवा प्रशासनाने गरीब विद्यार्थ्यांना शाळा-कॉलेजातच छोटी कामं देऊन शिक्षण चालू ठेवता येईल एवढे पैसे दिले.

एका मुलाचा रस्ता

हे सगळं कागदावर कोरडं वाटतं, म्हणून जेकब लॉरेन्स या मुलाची गोष्ट सांगतो.

जन्म १९१७चा. आईवडील दक्षिणेतून उत्तरेकडे आलेल्या लाखो कृष्णवर्णीय कुटुंबांपैकी. तेराव्या वर्षी तो न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात आला. आई कामावर जायची, पोरगं रस्त्यावर फिरू नये म्हणून तिने त्याला शाळा सुटल्यावरच्या एका कलावर्गात घातलं. तिथे तो पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या आतल्या बाजूला हार्लेमचे रस्ते रंगवायचा, जणू छोटी छोटी रंगमंचंच.

मंदीत आईचं काम गेलं. लॉरेन्सने हायस्कूल अर्धवट सोडलं, लाँड्रीत आणि छापखान्यात राबला, १९३६मध्ये वनसेवा दलाच्या छावणीत काही महिने काढले. परत आल्यावर शिल्पकार ऑगस्टा सॅव्हेज यांनी त्याला हात धरून सरकारी चित्रप्रकल्पाच्या कचेरीत नेलं. तिथे सांगण्यात आलं, वय कमी आहे, २१ पूर्ण पाहिजे. लॉरेन्स ते विसरूनही गेला. सॅव्हेज बाई विसरल्या नाहीत. वर्षभराने, तो २१चा झाल्यावर, त्यांनी त्याला पुन्हा नेलं. या वेळी काम मिळालं: आठवड्याला २३ डॉलर ८६ सेंट, आणि करायचं काय तर चित्रं काढायची.

या सबंध इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते ती सॅव्हेज बाईंची दुसरी फेरी. पगार सरकारचा होता. पण हा पोरगा त्या पगारापर्यंत पोचला, कारण एका बाईने त्याचा वाढदिवस लक्षात ठेवला होता.

पण भुकेनेच कला धारदार होते ना?

ही समजूत फार जुनी आहे आणि तिच्यात एक घात आहे. ती खरी मानली तर कलावंताला उपाशी ठेवणं म्हणजे त्याच्यावर उपकारच ठरतो.

भूक माणसाला विषय देते, यात शंका नाही. पण लिहायला विषयाइतकाच वेळ लागतो, कागद लागतो, रात्री दिवा लागतो, आणि उद्याच्या जेवणाच्या चिंतेतून थोडं मोकळं झालेलं डोकं लागतं. विहिरीला झरे असले तरी पाणी वर यायला दोर आणि पोहरा लागतोच.

नाटककार आर्थर मिलरचं उदाहरण घ्या. वडिलांचा स्त्रियांचे कोट बनवायचा मोठा धंदा मंदीत बुडाला. मिलरने मोटारींच्या सुट्या भागांच्या गोदामात आठवड्याला १५ डॉलरवर काम करून मिशिगन विद्यापीठात जाण्यापुरते पैसे साठवले. तिथे युवा प्रशासनाच्या योजनेतून त्याला महिना १५ डॉलरचं काम मिळालं, प्रयोगशाळेतल्या उंदरांना खायला घालायचं. विद्यापीठात लेखनासाठी रोख बक्षिसं होती. १९३६च्या वसंतातल्या सुट्टीत, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने पहिलं नाटक लिहिलं आणि २५० डॉलरचं बक्षीस मिळवलं. नाटकाचा विषय होता कोट बनवणारं एक कुटुंब आणि कारखान्यातला संप. विषय मंदीने दिला हे खरंच, पण तो कागदावर आला तो उंदरांच्या पगारामुळे आणि मोकळ्या आठवड्यामुळे.

रिचर्ड राइट, राल्फ एलिसन, सॉल बेलो, मार्गारेट वॉकर हे सगळे पुढे मोठे झालेले लेखक तरुणपणी सरकारी लेखन प्रकल्पाच्या पगारावर होते. जॅक्सन पोलॉक चित्रप्रकल्पात आला तेव्हा २३ वर्षांचा होता आणि मधले काही खंड वगळता १९४३पर्यंत तिथेच टिकला. हे लोक त्या पगाराशिवायही मोठे झाले असते का, याचं उत्तर कुणीच छातीठोकपणे देऊ शकणार नाही. पण मंदीत ज्यांना असा पगार मिळालाच नाही त्यांची नावं आपल्याला सांगता येत नाहीत, हेही तितकंच खरं आहे.

तंगीचा हात कुठे दिसतो?

तंगीने कला घडवली असेल तर ती भलत्याच जागी, म्हणजे साहित्यात. साहित्य म्हणजे इथे सामानसुमान.

लॉरेन्सने सुरुवातीला तपकिरी कागदावर स्वस्त पोस्टर रंगांनी कामं केली. हे रंग झटकन वाळतात आणि तैलरंगांसारखे एकमेकांत मिसळत बसता येत नाहीत. सपाट, ठाशीव, कातरून काढल्यासारखे आकार ही लॉरेन्सची खूण या सवयीतून घट्ट होत गेली असं मला वाटतं. प्रकल्पाच्या भित्तिपत्रक विभागात जाळीतून शाई दाबून छापायची पद्धत, म्हणजे स्क्रीन प्रिंटिंग, जोरात वापरली गेली. तिला मोठी यंत्रं लागत नाहीत, एका आराखड्याच्या शेकडो प्रती निघतात आणि मोजक्याच रंगांत काम भागवावं लागतं. क्षयाची तपासणी करून घ्या, वाचनालयात या, नाटक बघायला या असं सांगणारी ती पत्रकं आजच्या डिझायनरांनाही भुरळ घालतात.

वनसेवा दलाच्या छावण्यांत तर मुलांनी स्वतःची वर्तमानपत्रंच काढली. छपाई कशाने? आपण ज्याला सायक्लोस्टाइल म्हणतो त्याने. मेणकागदावर टंकलेखन करायचं, शाईचा रूळ फिरवायचा की प्रती तयार. त्यांत छावणीतल्या बातम्या, व्यंगचित्रं, घरच्या आठवणींच्या कविता, स्वयंपाक्याबद्दलच्या तक्रारी, सगळं असायचं. दलात आलेल्या ४० हजारांहून जास्त तरुणांना छावणीतच लिहायला-वाचायला शिकवलं गेलं. त्यातल्या कुणी आपलं नाव पहिल्यांदा छापलेलं पाहिलं असेल ते याच धुरकट शाईत.

लेखनातही असंच काहीसं झालं. लेखन प्रकल्पाने तरुणांना कादंबऱ्या लिहायला बसवलं नव्हतं. काम होतं प्रत्येक राज्याची माहितीपुस्तकं तयार करायचं आणि लोकांच्या तोंडून त्यांच्या हकिकती टिपून घ्यायचं. राल्फ एलिसन कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची फी जमवायला न्यूयॉर्कला आला होता. ती जमली नाही, आणि १९३८मध्ये तो या प्रकल्पात लागला. हार्लेममध्ये फिरून लोकांना बोलतं करायचं आणि ते जसं बोलतील तसं उतरवायचं. एका मुलाखतीत एक माणूस त्याला म्हणाला की मी न्यूयॉर्कमध्ये आहे, पण न्यूयॉर्क माझ्यात नाही. एलिसनच्या १९५२च्या कादंबरीत जवळपास हेच वाक्य एका पात्राच्या तोंडी येतं. पगारी कामाने त्याचा कान तयार झाला तो असा.

हा पैसा वाया गेला नाही का?

ही टीका तेव्हाही झाली, आणि ती करणारे सगळेच काही कलेचे वैरी नव्हते. कर भरणाऱ्या माणसाने विचारणं रास्तच आहे की माझ्या गावचा पूल अडला असताना चित्रं कशाला?

आधी प्रमाण बघू. १९३५च्या मदत कायद्याने सुमारे ४८८ कोटी डॉलर मंजूर केले. कलांच्या प्रकल्पांसाठी सुरुवातीला बाजूला काढले गेले २ कोटी ७० लाख. म्हणजे दर शंभर डॉलरमागे साधारण अर्धा डॉलर. हा अर्धा डॉलर वाचवून पुलाचं अडलेलं काम पुरं झालं नसतं.

दुसरं, मघाचं शिंपी-चांभाराचं सूत्र. चित्रकाराला मिळालेले २३ डॉलर तिजोरीत पडून राहात नव्हते. ते त्याच आठवड्यात वाण्याकडे, घरमालकाकडे, रंगाच्या दुकानात जात. साखळी पुन्हा फिरवायची तर पैसा अशाच माणसाच्या हातात द्यावा लागतो, ज्याला तो लगेच खर्चावा लागतो.

बरं, सगळी चित्रं काही उत्तम नव्हती. बरीचशी बेताचीच होती, आणि ते मान्य करायला काही हरकत नाही. शंभर रोपं लावली की शंभर वृक्ष होत नाहीत, आणि कुठलं रोप जगणार हे लावताना ठाऊक नसतं. उधळपट्टी झाली असेल तर ती नंतर. १९४३मध्ये प्रकल्प गुंडाळल्यावर न्यूयॉर्कच्या एका सरकारी गोदामातले कॅनव्हास वजनावर भंगारात विकले गेले. पाण्याच्या पाइपांना गुंडाळायला ते कापड उपयोगी पडेल, असा घेणाऱ्यांचा हिशेब होता. पाइप तापले की तैलरंगाचा वास सुटायचा, म्हणून तोही बेत फसला.

सरकारी पगार म्हणजे सरकारची भाटगिरी?

हा आक्षेप जास्त गंभीर आहे.

आर्थर रॉथस्टाइन विशीत सरकारी छायाचित्रकार झाला आणि १९३६मध्ये ओक्लाहोमातल्या धुळीच्या वादळातून आपल्या पोरांसह झोपडीकडे निघालेल्या शेतकऱ्याचा त्याने काढलेला फोटो जगभर गेला. त्याच वर्षी त्याने भेगाळलेल्या जमिनीवर गुराची एक कवटी चांगल्या उजेडासाठी काही फूट सरकवून तिचे फोटो काढले. ते उघडकीस आल्यावर वर्तमानपत्रांनी रान उठवलं की सरकार दुष्काळ बनवून दाखवतंय. दुष्काळ खराच होता. पण कवटी हलवायला नको होती, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांच्या वेदनेची साक्ष द्यायची त्यांच्याच विरुद्ध ती वापरली गेली.

उलट बाजूने पाहा. सरकारी पगारावरचे तरुण सरकारची तळी उचलत होते म्हणावं, तर सरकारच त्यांना आवरत होतं. जून १९३७मध्ये पोलाद कामगारांच्या संघटनेवरचं एक संगीत नाटक ऐनवेळी अडवलं गेलं, थिएटरला कुलूप लागलं. दिग्दर्शक ऑर्सन वेल्स तेव्हा २२ वर्षांचा होता. सगळा लवाजमा प्रेक्षकांसकट रस्त्याने चालत दुसऱ्या थिएटरात गेला. कलाकारांना रंगमंचावर चढायची मनाई होती, म्हणून त्यांनी प्रेक्षकांत बसून, आपापल्या खुर्चीतून उठून गाणी म्हटली. दोन वर्षांनी, ३० जून १९३९ला, संसदेने नाट्यप्रकल्पच बंद पाडला. डाव्या विचारांचा अड्डा झालाय, हा मुख्य आरोप होता.

म्हणजे दाब होता, आणि तो दोन्हीकडून होता. सरकारचा पैसा निखळ स्वातंत्र्य देत नाही. पण रिकामा खिसाही ते देत नाही.

आणि ज्यांना दार उघडलंच नाही?

वनसेवा दल मुलांसाठीच होतं. मुलींसाठी थोड्या छावण्या निघाल्या, पण त्यांत मिळून साडेआठ हजारांच्या आसपासच मुली-बायका पोचल्या. मुलं सुमारे ३० लाख होती. दलात कृष्णवर्णीयांच्या छावण्या बहुतांशी वेगळ्या होत्या. लेखन प्रकल्पाने एकेकाळी गुलाम असलेल्या २३००हून अधिक वृद्धांच्या आठवणी टिपून घेतल्या, हे त्याचं फार मोठं काम. पण लिहून घेणारे बहुतेक गोरे होते, आणि त्यांच्यासमोर त्या म्हाताऱ्या माणसांनी किती गोष्टी गिळल्या असतील, ते त्या कागदांत शोधून सापडणार नाही. म्हणून या काळातलं लेखन वाचताना पेन कुणाच्या हातात होतं, हे मी आधी पाहतो.

लॉरेन्सलाही ते दार फार काळ उघडं राहिलं नाही. १९३९च्या नव्या कायद्याने सलग १८ महिन्यांपेक्षा जास्त कुणाला ठेवायचं नाही असं ठरलं, आणि त्याची नोकरी गेली. १९४०मध्ये त्याला एका खाजगी निधीची १५०० डॉलरची शिष्यवृत्ती मिळाली. तेवढ्यावर त्याने आपल्या आईवडिलांच्या पिढीचं स्थलांतर रंगवायला घेतलं, ६० छोट्या फळ्यांवर. ग्वेंडोलिन नाइट ही चित्रकार मैत्रीण, जिच्याशी त्याने पुढे लग्न केलं, तिने फळ्यांना पांढरा लेप देऊन दिला. सगळ्या फळ्या एकदम मांडून तो एकेक रंग सगळ्यांवर लावत गेला, म्हणजे पहिल्या चित्रातला रंग साठाव्यातही तोच राहावा. १९४१मध्ये मालिका पुरी झाली तेव्हा तो २३ वर्षांचा होता. पुढच्या वर्षी दोन संग्रहालयांनी ती वाटून घेतली. विषम क्रमांकांची तीस चित्रं वॉशिंग्टनला गेली, सम क्रमांकांची तीस न्यूयॉर्कमध्येच राहिली, आणि आजही ती तशीच आहेत.